गेमिंग संगणक घेताना ग्राफिक्स कार्डाआधी घरची लाईन पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कापूस-सोयाबीनचा पैसा हाती येऊ लागला की वर्तमानपत्राच्या घडीतून रंगीत पत्रकं पडू लागतात. ‘आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स, गेमिंग कॉम्प्युटर’, आणि खाली एखाद्या साध्या मोबाइलएवढी किंमत. घरातला मुलगा बारावीला किंवा पॉलिटेक्निकला असतो. त्याला अभ्यासालाही संगणक हवा असतो आणि खेळायलाही. ते पत्रक पाहून बाप पैसे मोजतो आणि वर्षभरात तो डबा पलंगाखाली जातो. ही फसगत टाळता येते. चाळीस-पन्नास हजारांच्या बेतात खेड्यातही पाच-सहा वर्षं चालेल असा संगणक उभा राहतो, मात्र त्याचे भाग निवडण्याचा क्रम पुण्या-मुंबईपेक्षा वेगळा ठेवावा लागतो. म्हणून हे पत्र.

आधी पत्रकाची भाषा समजून घ्यावी. ‘आय-सेव्हन’ हे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरचं, म्हणजे संगणकाच्या मेंदूचं, घराणं झालं, त्यावरून वय कळत नाही. आय-सेव्हन २६०० हा २०११ चा, ३७७० हा २०१२ चा, ४७७० हा २०१३ चा. चार आकडी क्रमांकातला पहिला आकडा पिढी सांगतो. १२४०० सारखा पाच आकडी क्रमांक असेल तर पहिले दोन. नुसतं ‘आय-सेव्हन’ लिहून पुढचा क्रमांक गाळला असेल, तर तो बहुतेक मुद्दाम गाळलेला असतो. २०२२ साली आलेला आय-थ्री १२१०० हा ‘थ्री’ असूनही त्या जुन्या सेव्हनना सहज मागे टाकतो. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. व्हॅलोरंटसारखा खेळ विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) सुरू असल्याशिवाय उघडत नाही. जुना आय-सेव्हन इथेच अडतो.

‘४ जीबी ग्राफिक्स’ची, म्हणजे खेळाचं चित्र तयार करणाऱ्या कार्डाची, गत तीच. जीटी ७३० नावाचं कार्ड ४ जीबीतही मिळतं, पण त्यावरची मेमरी जुनी डीडीआर-थ्री असते आणि तिचा मार्ग अरुंद. कोठार मोठं, पण दारातून एका वेळी एकच पोतं निघतं. जीबी पाहून कार्ड घेणं म्हणजे टाकीचा आकार पाहून मोटरसायकल घेणं. आरएक्स ५८० या नावाने २०४८ शेडर्सचीही (चित्र रंगवणाऱ्या छोट्या गणकांचीही) कार्डं विकली जातात, मूळ ५८० ला २३०४ होते. काही कार्डांत तर जुनी चिप बसवून बायोसमध्ये (आतल्या मूळ प्रोग्राममध्ये) जीटीएक्स १०५० टीआय असं नाव भरलेलं असतं. जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर हे उघड करतं. पैसे देण्याआधी दुकानातच ते चालवून पाहायचं. दुकानदार नाही म्हणाला तर उठून यायचं.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे संगणक मरतो तो बहुधा लाईनीने, नाहीतर उन्हाने. जिथे गावठाणाचा आणि शेतीचा फीडर वेगळा झालेला नाही, तिथे रब्बीत पंप सुरू झाले की २३० चं व्होल्टेज १७०-१८० वर बसतं. डीपीवरचा न्यूट्रल तुटला की उलट होतं, घरात ३०० च्या वर चढतं. म्हणून यादीत पहिला भाग पॉवर सप्लाय, ज्याला बाजारात एसएमपीएस म्हणतात. कॅबिनेटसोबत ‘४५० वॅट’ लिहिलेला जो हलका डबा फुकट येतो, त्याचं लेबल वाचा. बारा व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर असतील तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड या बारा व्होल्टवरच जगतात. चांगल्या ४५० वॅटच्या सप्लायवर तिथे ३६-३७ अँपिअर असतात. लेबलावर इनपुटही पाहा. काहींवर २०० ते २४० व्होल्ट असतं, काहींवर १०० ते २४०. खेड्यात दुसरा घ्यावा, तो १६० वरही तग धरतो. वर ८० प्लस ब्राँझची, म्हणजे वीज कमी वाया जाते याची, खूण असावी. याला तीन हजारांच्या आसपास लागतील. ते वाचवून मोठं कार्ड घेण्याचा मोह फार जणांना होतो, आणि स्वस्त सप्लाय जळताना तेच कार्ड सोबत नेतो.

किती वॅट लागतात याचा हिशोब सोपा आहे. आरएक्स ६६०० कार्ड १३२ वॅट घेतं, एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर साधारण ७५, बाकी बोर्ड (सगळे भाग जोडणारा मदरबोर्ड), पंखे, डिस्क मिळून ५० धरा. अडीचशेच्या वर थोडं झालं. म्हणजे खरे ४५० वॅट पुरतात, ५५० घेतला तर पुढची सोय होते. ७५० वॅटचा सल्ला कुणी देत असेल तर तो तुमच्या खिशाला आहे.

स्पाइक गार्ड म्हणजे संरक्षण, असा समज आहे. तो क्षणभराचा झटका अडवतो. न्यूट्रल तुटून तासभर आलेलं ३०० व्होल्ट त्याच्या हातचं नाही. त्यासाठी हाय कट-लो कट (व्होल्टेज फार चढलं-उतरलं की लाईन तोडण्याची सोय) असलेला आणि लाईन परत आल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून जोडणारा प्रोटेक्टर किंवा तसाच स्टॅबिलायझर हवा. आधी स्टॅबिलायझर, मग यूपीएस, मग संगणक, असा क्रम लावावा. कुलर त्याच एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नये, मोटार सुरू होताना तो व्होल्टेज ओढतो.

यूपीएसबद्दल मोठा गैरसमज आहे. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो आणि आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते. भर गेममध्ये लाईन गेली तर तो काही मिनिटं देतो, तेवढ्यात खेळ सेव्ह करून बंद करायचा. बॅटरी दोन वर्षांची झाली की तेवढंही देत नाही. ग्राफिक्स कार्ड लावलं असेल तर १,००० व्हीए घ्यावा. आणखी एक खोच आहे. स्वस्त यूपीएस चौकोनी लहर देतात, आणि ॲक्टिव्ह पीएफसी (लाईनीतून वीज नीट घेणारं सर्किट) असलेल्या काही चांगल्या सप्लायना ती मानवत नाही. यूपीएस असूनही लाईन जाताच संगणक विझतो. म्हणून दोन्ही जोडून, प्लग उपटून पाहिल्याशिवाय यूपीएस घरी आणू नये.

घरी इन्व्हर्टर असेल तर मागचं बटन पाहा. त्यावर बहुतेक ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’ असे दोन पर्याय असतात. नॉर्मलमध्ये बदलायला वेळ लागतो. सप्लायच्या पोटातली साठवण पूर्ण भारावर १६-१७ मिलिसेकंदच टिकते, म्हणून संगणक रिस्टार्ट होतो. यूपीएसवर ठेवला की बदल लवकर होतो, पण त्या स्थितीत इन्व्हर्टर १८० व्होल्टच्या खाली लाईन नाकारतो आणि बॅटरीवर जातो. पंपांच्या दिवसांत मग बॅटरी रोज रात्री रिकामी. यावर उपाय इन्व्हर्टरच्या आधी स्टॅबिलायझर लावण्याचाच.

अर्थिंग हा विषय आपल्याकडे कुणी काढत नाही. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, ‘थोडा करंट येतो, चालतं’ म्हणून सोडून देतात. सप्लायमधल्या फिल्टरचे कपॅसिटर अर्थला जोडलेले असतात. अर्थच नसेल तर पत्र्यावर अर्ध्या लाईनीएवढं व्होल्टेज तरंगत राहतं. विद्युतधारा फार कमी असते म्हणून माणूस वाचतो, पण अशा संगणकाची एचडीएमआय केबल कुणी टीव्हीला लावली तर पोर्ट जाण्याची भीती असते. आपली काळी माती ओली असते तोवर अर्थिंग छान लागतं. एप्रिलमध्ये भेगा पडल्या की माती सळईपासून सुटते. खड्ड्यात मीठ-कोळसा भरून उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतावं. दरवर्षी वायरमनकडून तपासून घ्यावं, स्वतः तारा धरून प्रयोग करू नयेत.

आता ऊन. इंटरनेटवर ज्या चाचण्या दिसतात त्या २२-२५ अंशांच्या खोलीत केलेल्या असतात. तिथे प्रोसेसर ७५ अंशांवर दिसला, म्हणजे खोलीपेक्षा तो ५० अंशांनी तापला. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. टिनाच्या छताखाली दुपारी खोली ४३ असेल, तर तोच प्रोसेसर ९३ वर जातो. रायझन ५ ५६००जी ची मर्यादा ९५ आहे. तिथे तो स्वतःच वेग कमी करतो आणि खेळ अडखळतो. लोकांना वाटतं ग्राफिक्स कार्ड कमी पडलं. म्हणून आपल्याकडे ६५ वॅटचा प्रोसेसर आणि १३० वॅटच्या आसपासचं कार्ड हेच शहाणपणाचं. खेळाच्या सेटिंगमध्ये फ्रेमची (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची) मर्यादा ६० किंवा ७५ लावली तर तेवढ्यानेच कार्डाची उष्णता बरीच उतरते, मॉनिटर त्यापेक्षा जास्त दाखवत नसेल तर काही गमावतही नाही. नवतपात दुपारी खेळू नये.

कॅबिनेट घेताना समोर काच आणि रंगीत दिवे पाहून भुलू नका. समोर जाळी हवी, जाळीमागे निघणारा फिल्टर हवा, पुढून दोन पंखे आत ओढणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा. आत येणारी हवा जास्त असली की फटींतून धूळ शिरत नाही. वेचणीच्या हंगामात, आणि जिनिंगजवळच्या गावांत तर महिनोन्‌महिने, रुईचे तंतू हवेत असतात. ते प्रोसेसरच्या पंख्याखाली नमद्यासारखे बसतात. फिल्टर आठवड्याला झटकावा, दोन महिन्यांनी आतून ब्लोअर मारावा. मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं, नाहीतर ते भन्नाट फिरून बेअरिंग जातं. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरने साफ करू नये. त्या हवेत पाणी आणि तेल असतं, आणि जोर एवढा की बारीक भाग उखडतात. कुलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. गारवा मिळतो खरा, पण सोबत तुषार आणि खाऱ्या पाण्याचा क्षार बोर्डावर बसतो. कॅबिनेट जमिनीवर न ठेवता फूटभर उंच स्टुलावर ठेवा, आणि मागच्या रिकाम्या पट्ट्या उघड्या सोडू नका. पाल आत जाते आणि सप्लायमध्ये चिकटून दोन्ही संपतात.

एवढं ठरलं की मग प्रोसेसर आणि कार्ड. रॅमचे भाव २०२५ च्या शेवटापासून चढलेले आहेत आणि बाकीचेही हलतात, म्हणून रुपयांऐवजी वाट सांगतो. बेत अगदी तंग असेल तर रायझन ५ ५६००जी घ्यावा. सहा कोअर, बारा थ्रेड, आणि आतच ग्राफिक्स. कार्डाशिवाय व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट आणि कमी सेटिंगवर जीटीए फाइव्ह व्यवस्थित चालतात. पण अट एक: रॅम ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या. एका पट्टीवर डीडीआर-फोर ३२०० ला सेकंदाला २५.६ जीबीचा मार्ग मिळतो, दोनवर ५१.२ चा. आतलं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं, म्हणून १६ ची एकच पट्टी लावली तर खेळाचा वेग फार पडतो. चार खाचांच्या बोर्डवर प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी खाच वापरावी. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवण्याचा पर्याय, सुरू करावा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वरच चालत राहते. दुकानदार हे करून देत नाहीत, आणि वर्षानुवर्षं कुणाला कळतही नाही.

कार्ड आत्ताच घ्यायचं असेल तर ५६००जी नको. त्याला कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी आहे आणि कार्डाला जोडणारा मार्ग पीसीआय थ्री, म्हणजे जुन्या, संथ पिढीचा. साध्या ५६०० ला कॅश ३२ एमबी आणि मार्ग फोर, फक्त आत ग्राफिक्स नाही. इंटेलकडे आय-थ्री १२१००एफ आणि आय-फाइव्ह १२४००एफ आहेत, एच६१० बोर्डावर चालतात. ‘एफ’ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. उद्या कार्ड बिघडलं तर पडदा काळाच राहतो. दुरुस्तीला कार्ड महिनाभर नागपूरला जाणार असेल तर हा विचार आधी करावा. खेड्यात मी ‘एफ’ नसलेलाच सुचवीन, थोडे पैसे जास्त गेले तरी.

कार्डांत आरएक्स ६६०० हे ८ जीबीचं, पूर्ण एचडीवर समाधान देणारं. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं रूप ७० वॅटमध्ये चालतं, बहुतेकांना वेगळी पॉवर वायर लागत नाही. कमकुवत लाईन आणि लहान यूपीएससाठी ते सोयीचं, वेग मात्र ६६०० पेक्षा कमी. आरएक्स ६५०० एक्सटी टाळा. त्याला चारच लेन (बोर्डाशी बोलण्याच्या वाटा) आहेत आणि ए५२०, बी४५० अशा पीसीआय थ्री बोर्डांवर ते आणखी गुदमरतं.

बोर्ड घेताना एकच विचारायचं: या बायोसवर हा प्रोसेसर चालतो का? बी४५० चा जुना माल असेल तर ५००० मालिकेचा प्रोसेसर लावल्यावर पडदाच येत नाही. बायोस दुकानातच अद्ययावत करून घ्या, गावात त्यासाठी दुसरा प्रोसेसर कुठून आणणार? डिस्क ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क. लाईन वारंवार जाते तिथे फिरणारी हार्डडिस्क मुख्य डिस्क म्हणून नको. मॉनिटर २२-२४ इंची पूर्ण एचडी पुरे.

जुने भाग घेण्यात कमीपणा नाही. रॅम, मॉनिटर, प्रोसेसर जुने चालतात. रॅम मेमटेस्ट नावाच्या सॉफ्टवेअरने रात्रभर तपासून घ्यावी. जुना सप्लाय आणि जुनी हार्डडिस्क घेऊ नये. जुनं कार्ड घेण्याआधी त्यावर पूर्ण ताण देणारं फरमार्क सॉफ्टवेअर १५ मिनिटं चालवून तापमान आणि पडद्यावरचे ठिपके पाहावेत.

नागपूरच्या सीताबर्डीतून जोडून आणणार असाल तर दुकानात तासभर खेळ चालवून घ्या आणि निघताना ग्राफिक्स कार्ड काढून त्याच्या खोक्यात भरा. एसटीच्या मागच्या सीटवर किंवा मोटरसायकलवर ते लावलेलं राहिलं तर हादऱ्यांनी खाच तुटते. कॅबिनेट आडवं ठेवायचं, बोर्ड खाली येईल असं. घरी लावल्यावर पडदा काळा दिसला तर घाबरू नका. मॉनिटरची वायर बोर्डाच्या पोर्टला लागली का पाहा, ती कार्डाला हवी. मग रॅम काढून टकटक आवाज येईपर्यंत दाबून बसवा. मग प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची वायर तपासा, ती विसरलेली फार सापडते. रायझनवरचा कुलर (प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा) काढावा लागला तर आधी संगणक दहा मिनिटं चालवून गरम करा आणि कुलर हलकेच पिळत सोडवा. सरळ ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

बहुतेक स्वस्त बोर्डांत वायफाय नसतं. अँड्रॉइड मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग केलं (मोबाइलचं नेट संगणकाला दिलं) की इंटरनेट मिळतं. जीटीए फाइव्ह १०० जीबीच्या वर जातो, तो मोबाइल डेटावर उतरवायला आठवडे जातील. मित्राच्या डिस्कवरून स्टीमचं खेळाचं फोल्डर आणून योग्य जागी ठेवलं आणि इन्स्टॉल दाबलं, की स्टीम असलेल्या फायली ओळखून राहिलेलंच उतरवतं. फ्री फायर मॅक्स एम्युलेटरवर (संगणकावर मोबाइलचे खेळ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) अडखळत असेल तर बायोसमध्ये एसव्हीएम (इंटेलवर व्हीटी-एक्स) हा पर्याय बहुधा बंद असतो, तो सुरू करा. मृगाच्या आणि परतीच्या पावसात वीज कडाडू लागली की प्लगसोबत इंटरनेटची तांब्याची वायरही काढा. तिच्यातूनही बोर्ड जातो.

बिल जीएसटीचं आणि त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल क्रमांक हवा. ‘बिलाशिवाय १८ टक्के वाचतील’ या बोलण्यात तुमची वॉरंटी जाते. खोक्यातल्या प्रोसेसरला कंपनीची ३ वर्षं असतात, सुट्या ‘ट्रे’ प्रोसेसरला दुकानदाराच्या शब्दाचाच आधार. दुकानदाराने हात वर केले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते.

आपल्याला एक विनंती. आपल्या अंकात संगणकाची जाहिरात घेताना तिच्यात प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, कार्डाचं पूर्ण नाव आणि पॉवर सप्लायचे बारा व्होल्टवरचे अँपिअर छापण्याची अट घालावी. घडीतल्या पत्रकांनाही ती लावता आली तर उत्तम.

आपला,
संगणक जोडणी-दुरुस्ती करणारा एक वाचक,
जि. यवतमाळ